औषध केव्हा थांबवावे? कर्करोगाच्या उपचारातील एका प्रश्नाचा इतिहास

#थ्रेड #इतिहास #वैद्यकाचा_इतिहास

१/ रोग सापडला त्या अहवालावर तारीख असते. मृत्यूच्या दाखल्यावरही तारीख असते. कर्करोगाच्या कागदपत्रांत रोग संपल्याची तारीख मात्र सहसा आढळत नाही. स्कॅनवर गाठी दिसेनाशा होतात, रुग्ण हिंडूफिरू लागतो, वजन वाढते. तरी रोजची गोळी चालूच राहते. ती केव्हा थांबवावी? हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याला पाऊणशे वर्षांचा इतिहास आहे. बॉस्टनपासून परळपर्यंत आणि परळपासून छत्रपती संभाजीनगरातील आमखास मैदानापर्यंत तो कसा पोहोचला, याचा हा धागा.

२/ आधी एका शब्दाचा उलगडा. रोगाची दृश्य चिन्हे पूर्णपणे नाहीशी झाली की वैद्यक त्याला ‘पूर्ण उपशम’ म्हणते, ‘बरा झाला’ असे म्हणत नाही. हा शब्दच्छल नाही. जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीच्या गाठीतही कोट्यवधी पेशी असतात. त्याहून फार लहान पुंजके स्कॅनला दिसत नाहीत. म्हणजे ‘काही दिसत नाही’ आणि ‘काही उरले नाही’ ही दोन वेगळी विधाने आहेत. औषध थांबवण्याचा सारा इतिहास या दोन विधानांमधल्या अंतराचा इतिहास आहे.

३/ आनंदवन आणि तपोवन पाहिलेल्या महाराष्ट्राला हा प्रश्न एका दुसऱ्या रोगातून परिचित आहे. कुष्ठरोगाच्या तीव्र प्रकारात डॅप्सोनची गोळी दीर्घकाळ, अनेकदा आयुष्यभर घ्यावी लागे. पुढे एकट्या डॅप्सोनला जंतू दाद देईनासे झाले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने अनेक औषधांचा एकत्रित आणि ठरावीक मुदतीचा उपचार सुचवला. आयुष्यभराची गोळी मुदतीत बसली. पण तिथे शत्रू बाहेरून आलेला जंतू होता. कर्करोगात शत्रू शरीराच्या स्वतःच्याच पेशींतून निपजतो. त्यामुळे हिशेब अधिक अवघड होतो.

४/ विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा प्रश्न उद्भवतच नव्हता. शस्त्रक्रियेला अंगभूत शेवट असतो. टाके घातले की ती संपते. किरणोपचाराच्याही ठरलेल्या बैठका असतात. रक्ताच्या कर्करोगावर तर या दोहोंचा फारसा उपयोग नव्हता. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये ल्युकेमियाने, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाने, गेल्या. परदेशातील उत्तम उपचारही त्यांना वाचवू शकले नाहीत. त्यांच्या स्मृतीशी निगडित असलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईत परळ येथे सुरू झाले. त्या दिवशी ल्युकेमियावर प्रभावी औषध जगात कुठेही नव्हते.

५/ ते सात वर्षांनी आले. जून १९४८ मध्ये बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांवरील अनुभव प्रसिद्ध केला. औषध होते अमिनोप्टेरिन. ते लेडर्ली प्रयोगशाळेत आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील गटाने तयार केले होते. १६ पैकी १० मुलांत रोग ओसरला. अंथरुणाला खिळलेली मुले खेळू लागली. पण काही आठवड्यांत वा महिन्यांत रोग परतला. ‘उपशम’ ही गोष्ट जगाने प्रथम अशी पाहिली, आणि तिच्या पोटातील फसगतही त्याच वेळी पाहिली.

६/ पुढच्या दोन दशकांत औषधे वाढली आणि ती एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली. अमेरिकेतील मेम्फिस येथे १९६२ मध्ये सुरू झालेल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डोनाल्ड पिंकेल यांनी एक धाडसी विचार मांडला: रोग दिसेनासा झाल्यावर उपचार संपत नाही, खरा उपचार तिथून सुरू होतो. मेंदूभोवतालच्या द्रवात लपलेल्या पेशींनाही गाठायचे, दोन-तीन वर्षे औषध चालू ठेवायचे आणि मग पूर्ण थांबायचे. १९६० च्या दशकाच्या अखेरच्या उपचारक्रमात सुमारे निम्मी मुले दीर्घकाळ रोगमुक्त राहिली. येथे औषध थांबले ते घड्याळाच्या हिशेबाने. उरलेल्या पेशी मोजण्याचे साधन नव्हते. अनुभवाने मुदत ठरवली.

७/ हाच विचार १९८० च्या दशकात परळला पोहोचला. डॉ. सुरेश अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एमसीपी ८४१’ हा उपचारक्रम राबवला. मुंबई, दिल्ली आणि चेन्नई येथील केंद्रांत तो वापरला गेला आणि ल्युकेमियाच्या भारतीय मुलांचे जगण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले. त्याच वेळी एक कटू नोंदही भारतीय वैद्यकात पुन्हा पुन्हा होऊ लागली: उपचार अर्ध्यावर सोडणे. मूल बरे दिसू लागले, गावी पेरणी आली, पैसे संपले. आणि कुटुंब परतले ते पुन्हा आलेच नाही.

८/ येथे या धाग्याचा मुख्य भेद स्पष्ट होतो. औषध ‘थांबवणे’ वेगळे आणि औषध ‘थांबणे’ वेगळे. पहिल्यात मोजमाप असते, पाळत असते, रोग परतला तर काय करायचे याची योजना असते. दुसऱ्यात फक्त रिकामा खिसा किंवा लांबचा प्रवास असतो. कागदावर दोन्ही घटना सारख्याच दिसतात: अमुक तारखेपासून गोळी बंद. परिणाम मात्र सारखे नसतात.

९/ आता लक्ष्यवेधी औषधांकडे. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील नोवेल आणि हंगरफोर्ड यांना दीर्घकालीन मायलॉइड ल्युकेमियाच्या, म्हणजे सीएमएलच्या, रुग्णांत एक विलक्षण लहान गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवले की ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपसांत बदललेले असतात. त्या अदलाबदलीतून एक बिघडलेले प्रथिन तयार होते आणि पेशीला अखंड वाढण्याची आज्ञा देत राहते. नेमके तेच प्रथिन अडवणारी गोळी म्हणजे इमॅटिनिब. अमेरिकेत तिला मे २००१ मध्ये मान्यता मिळाली. पूर्वी काही वर्षांत जीव घेणारा रोग रोजच्या गोळीने ताब्यात राहू लागला.

१०/ पण ‘ताब्यात’ हा शब्द महत्त्वाचा. ही गोळी वाढीची आज्ञा अडवते. रोगाच्या मूळ पेशी ती पूर्णपणे नष्ट करतेच असे नाही. म्हणून नियम झाला: गोळी आयुष्यभर. आणि आयुष्यभर म्हटले की किंमत हा वैद्यकीय प्रश्न होतो. मूळ कंपनीच्या औषधाचा महिन्याचा खर्च लाखाच्या घरात होता, तर भारतीय कंपन्यांचे तेच औषध त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास मिळे. त्या औषधाच्या एका रूपावर पेटंट मागितले गेले, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पेटंट नाकारले.

११/ त्याच्या एक वर्ष आधी आणखी एक निर्णय मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून निघाला होता. ९ मार्च २०१२ रोजी मूत्रपिंड आणि यकृताच्या कर्करोगावरील सोराफेनिब या लक्ष्यवेधी औषधासाठी भारतातील पहिला सक्तीचा परवाना दिला गेला. महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचे औषध ९ हजारांच्या आत येणार होते. पेटंटधारक कंपनीने आव्हान दिले. २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने परवाना कायम ठेवला. औषध किती काळ घ्यायचे, याचे उत्तर प्रयोगशाळेत शोधले जात असताना ते किती काळ घेता येईल, याचे उत्तर न्यायालयात शोधले जात होते.

१२/ दरम्यान फ्रान्समध्ये एक उलटा प्रश्न विचारला गेला. ज्यांच्या रक्तात किमान दोन वर्षे रोगाचा रेणूही सापडला नाही, अशा सीएमएलच्या १०० रुग्णांची इमॅटिनिब गोळी फ्रान्स्वा-झाविए माओं आणि सहकाऱ्यांनी जाणीवपूर्वक थांबवली. २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर सुमारे ४० टक्के रुग्ण औषधाविना रोगमुक्त होते. उरलेल्यांत रोगाची खूण परतली, बहुतेकांत पहिल्या सहा महिन्यांतच. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, गोळी पुन्हा सुरू करताच रोग पुन्हा काबूत आला.

१३/ हे धाडस यशस्वी का झाले? त्यामागे दोन आधार होते. पहिला मोजमापाचा: कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेला पीसीआर हा शब्द येथेही कामी येतो. त्या तंत्राने लाखभर निरोगी पेशींत दडलेली एखादी रोगट पेशीही हुडकता येते. त्यामुळे लक्षणे दिसण्याच्या कितीतरी आधी इशारा मिळतो. दुसरा आधार परतीच्या वाटेचा: औषध थांबवल्याने रोग औषधाला निर्ढावत नाही, म्हणून पुन्हा सुरू करता येते. मोजण्याचे साधन आणि परतीची वाट. कोणत्याही कर्करोगात औषध थांबवण्याचा विचार करताना हेच दोन प्रश्न विचारावे लागतात.

१४/ आता मेलॅनोमा. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा हा कर्करोग एकदा अंतर्गत अवयवांत पसरला की २०१० पर्यंत बहुतेक रुग्ण वर्षभराच्या आसपासच जगत. २००२ मध्ये ब्रिटनमधील सँगर संस्थेच्या संशोधकांनी दाखवले की यांतील अनेक गाठींत बीआरएएफ या जनुकात एकाच ठिकाणी बिघाड असतो. २०११ मध्ये त्यावर नेम धरणाऱ्या वेमुराफेनिबला अमेरिकेत मान्यता मिळाली. २०१४ मध्ये डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब ही जोडी आली. काही दिवसांत गाठी विरघळू लागत. रुग्ण अंथरुणातून उठत. आणि मग अनेकांत काही महिन्यांनी रोग परत येई, गोळी चालू असतानाच. फार्बरच्या १९४८ च्या अनुभवाचाच हा नवा अवतार होता.

१५/ तरी सर्वांचे असे झाले नाही. या जोडीवरील दोन मोठ्या चाचण्यांचा पाच वर्षांचा एकत्रित हिशेब २०१९ मध्ये आला. ५६३ रुग्णांपैकी ३४ टक्के पाच वर्षांनी हयात होते. १०९ जणांत, म्हणजे १९ टक्क्यांत, पूर्ण उपशम दिसला होता आणि त्यांच्यातील ७१ टक्के पाच वर्षे जगले. हा धागा ज्या प्रश्नासाठी आहे, तो या १०९ जणांसारख्यांचा आहे. गाठ दिसत नाही. गोळ्यांनी वारंवार ताप येतो, थकवा येतो, खर्च होतो. मग थांबावे का?

१६/ काहींनी थांबवून पाहिले. कधी दुष्परिणामांमुळे, कधी रुग्णाच्या इच्छेने. अशा रुग्णांची लहान लहान मालिकांत नोंद झाली आहे आणि त्यांतून साधारण एकच चित्र दिसते: काही जण वर्षानुवर्षे ठीक राहतात, पण जवळपास निम्म्यांत रोग परततो. परतीची वाट आहे, पण ती सीएमएलइतकी रुंद नाही. २०१७ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. या गटातील औषधे घेतानाच ज्यांचा रोग बळावला होता आणि ज्यांना नंतर किमान १२ आठवडे ती दिली नव्हती, अशा २५ जणांना ही जोडी पुन्हा दिली गेली. ८ जणांत गाठी पुन्हा आकसल्या. म्हणजे तिघांत एकाला लाभ झाला. ही आशा आहे, हमी नव्हे.

१७/ मग मधला मार्ग? काही आठवडे औषध, काही आठवडे विश्रांती? २०१३ मध्ये उंदरांवरील एका अभ्यासाने मोठी उत्सुकता निर्माण केली. औषधाला निर्ढावलेल्या गाठी उलट औषधावरच अवलंबून होतात आणि मधेच औषध काढले की आकसतात, असे त्यात दिसले होते. कल्पना देखणी होती. माणसांवरील चाचणीचा निकाल २०२० मध्ये आला. सलग औषध घेणाऱ्यांत रोग वाढेपर्यंतचा मध्यम काळ ९ महिने होता; खंड पाडून घेणाऱ्यांत साडेपाच. उंदरांत जिंकलेला तर्क माणसांत हरला. वैद्यकाच्या इतिहासात हे नवे नाही, पण दर वेळी ते नव्याने शिकावे लागते.

१८/ याच रोगात दुसऱ्या प्रकारची औषधे मात्र वेगळी गोष्ट सांगतात. पेम्ब्रोलिझुमॅबसारखी औषधे गाठीवर थेट नेम धरत नाहीत. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीला लागलेला अटकाव दूर करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ६५५ रुग्णांपैकी १०५ जणांत पूर्ण उपशम झाला होता आणि त्यांतील ६७ जणांनी औषध थांबवून केवळ देखरेख स्वीकारली. दोन वर्षांनीही सुमारे ९० टक्के रोगमुक्त होते. लक्ष्यवेधी गोळी म्हणजे दारावर उभा पहारेकरी. तो गेला की दार उघडे. प्रतिकारशक्तीवरील औषध पहारेकऱ्याला शिकवून जाते. शिक्षक गेला तरी शिक्षण उरते.

१९/ म्हणून ‘पूर्ण उपशमानंतर औषध थांबवावे का?’ याला एकच उत्तर नाही. मुलांच्या ल्युकेमियात मुदत उत्तर देते. सीएमएलमध्ये रक्तातील मोजमाप उत्तर देते. मेलॅनोमाच्या प्रतिकारशक्तीवरील उपचारात थांबण्यास भक्कम आधार मिळाला आहे. मेलॅनोमाच्या लक्ष्यवेधी गोळ्यांत मात्र तसे विश्वासार्ह मोजमाप अजून हाती नाही. रक्तात तरंगणारे गाठीचे डीएनएचे अंश मोजून ते साधता येईल का, यावर काम चालू आहे. तोवर गोळी चालू ठेवणे हाच सर्वसाधारण पायंडा आहे आणि थांबवणे हा तज्ज्ञांच्या देखरेखीखालील वैयक्तिक निर्णय.

२०/ भारतात मेलॅनोमा विरळा. येथे तो बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली उगवतो आणि या प्रकारात बीआरएएफचा बिघाड तुलनेने कमी आढळतो. मग महाराष्ट्राचा या प्रश्नाशी काय संबंध? संबंध असा की ‘किती काळ’ या प्रश्नाचे जुळे भावंड म्हणजे ‘किती मात्रा’, आणि त्यावर परळहून एक मोलाचे उत्तर आले. टाटा मेमोरियलच्या डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाश आणि सहकाऱ्यांनी तोंड व घशाच्या वाढलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीवरील औषध दर तीन आठवड्यांनी अवघे २० मिलिग्रॅम दिले. प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही हे कमी.

२१/ १५१ रुग्णांची ही चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. केवळ कमी मात्रेतील तोंडी औषधांवर असलेल्यांत एक वर्ष जगलेले १६.३ टक्के होते. त्यांच्या जोडीला हे २० मिलिग्रॅम मिळालेल्यांत ४३.४ टक्के. पूर्ण मात्रेशी थेट तुलना यात नव्हती, हे लक्षात ठेवायला हवे. तरी या चाचणीचे ऐतिहासिक मोल मोठे आहे. परवडत नाही म्हणून कमी औषध घेणे ही आजवर रुग्णाची खासगी नामुष्की होती. येथे तोच प्रश्न शास्त्राने आपल्या अंगावर घेतला, मोजला आणि त्याचे उत्तर जाहीर केले.

२२/ शेवटी मराठवाडा. छत्रपती संभाजीनगरात आमखास मैदानासमोरील शासकीय कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये सुरू झाले. त्याआधी या भागातील असंख्य कुटुंबांसाठी कर्करोग म्हणजे मुंबईची गाडी, परळच्या फुटपाथवरची रात्र आणि परतीच्या तिकिटाची चिंता. आज हर्सूलच्या रहिवाशाला ते रुग्णालय शहरातल्या शहरात गाठता येते. या अंतराचा संबंध थेट आपल्या प्रश्नाशी आहे. औषध विचारपूर्वक थांबवायचे तर दर काही आठवड्यांनी तपासणी हवी, आणि रोग परतला तर त्याच आठवड्यात औषध पुन्हा मिळायला हवे. ज्याला तपासणीसाठी रात्रभराचा प्रवास करावा लागतो, त्याला ‘थांबवून पाहू’ हा पर्याय खऱ्या अर्थाने उपलब्धच नसतो.

२३/ फार्बर यांच्या १६ मुलांपासून आजवर प्रत्येक टप्प्यावर औषध सुरू करणाऱ्यांची नावे इतिहासाने ठळक लिहिली. औषध सुरक्षितपणे थांबवता येते हे सिद्ध करणाऱ्यांची नावे तितकी ठळक नाहीत. त्यांच्यात संशोधक आहेत आणि नाव न नोंदले गेलेले रुग्णही आहेत. रोग परतू शकतो हे ठाऊक असूनही त्यांनी गोळी बाजूला ठेवली आणि दर महिन्याला रक्त तपासायला दिले. पुढच्या रुग्णाला आपल्या कागदावर रोग संपल्याची तारीख लिहिता यावी, यासाठीचा पुरावा त्यांच्याच रक्ताच्या नमुन्यांतून गोळा झाला.

२४/ आणि एक व्यवहाराची गोष्ट. या धाग्यातील एकही आकडा कुणाची गोळी बंद करण्यासाठी नाही. घरात कुणी असे औषध घेत असेल आणि ते झेपत नसेल, मग कारण ताप असो वा पैसा, तर ते गुपचूप सोडू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे. मात्रा, मुदत, स्वस्त पर्याय, शासकीय योजना यांवर बोलता येते. न सांगता थांबलेल्या औषधावर मात्र कुणालाच काही करता येत नाही.

(धागा समाप्त)